चिमणी, कोळी आणि शत्रूंची यादी

‘कीड’ हा शब्द प्राणिशास्त्राने दिलेला नाही. कोणत्याही जिवाच्या अंगी कीडपण नावाचा स्वतंत्र गुण नसतो. माणसाचे धान्य, घर, कापड, लाकूड यांच्याशी त्याची गाठ कोठे पडते, यावरून त्याला हे नाव मिळते. माळावरच्या गवतात असतो तोवर नाकतोडा हा नाकतोडाच असतो. तो भाताच्या खाचरात उतरला की त्याची कीड होते. रानात पडलेले खोड मातीला मिळवणारी वाळवी आपल्या खिजगणतीतही नसते. तीच घराच्या तुळईला लागली की आपण हवालदिल होतो. तेव्हा हा शब्द वर्णनापेक्षा निवाड्याच्या जवळचा आहे, आणि निवाडा एकदा झाला की शिक्षेचा विचार ओघानेच येतो.

शतकानुशतके हा निवाडा ज्याचा त्याने आपापल्या शेतात आणि घरात केला. विसाव्या शतकात राज्यसंस्थेने तो आपल्या हाती घेतला. शत्रूंच्या याद्या झाल्या, आदेश निघाले, मारलेल्यांची मोजदाद होऊ लागली. अशा दोन प्रसंगांचा इतिहास येथे शेजारी ठेवून वाचावा असा आमचा विचार आहे. पहिला चीनमधला, १९५५ ते १९६० या वर्षांतला; तो बहुतेकांनी कोठे ना कोठे वाचलेला असतो. दुसरा इंडोनेशियातला, १९८६ पासूनचा. तो कृषिशास्त्राच्या वर्तुळाबाहेर फारसा कोणी सांगत नाही. आम्ही मराठीचे अध्यापक आहोत, कीटकशास्त्राचे अभ्यासक नाही. तरीही एक गोष्ट सर्वतोमुखी व्हावी आणि दुसरी विस्मरणात जावी, हे का घडते, हा प्रश्न आमच्या अभ्यासक्षेत्रात येतो असे आम्हांस वाटते.

१

चीनमधील मोहिमेला ‘चार उपद्रवींचे निर्मूलन’ असे नाव होते. उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या हे ते चार. यांपैकी पहिल्या तिघांचा संबंध आरोग्याशी होता. १९५२ पासून तेथे ‘देशभक्तीपर आरोग्य मोहीम’ चालू होती, आणि रोगराईने गांजलेल्या त्या देशात तिची गरज नव्हती असे कोणी म्हणणार नाही. चिमणीचा गुन्हा निराळा होता. ती धान्य खाते, हा तो गुन्हा. शेतीविकासाचा बारा वर्षांचा जो राष्ट्रीय आराखडा जानेवारी १९५६ मध्ये मांडला गेला, त्यात या चारही जिवांचा शक्य तेथे नायनाट करण्याचे कलम होते. येथील चिमणी म्हणजे आपल्या घरचिमणीची सख्खी नातलग, झाडचिमणी.

या निर्णयाला चीनमध्ये विरोध झालाच नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. पक्षिशास्त्रज्ञ झेंग झुओशिन आणि त्यांचे सहकारी हपै प्रांतातील चांगली येथील फळबागांत आणि पेकिंगच्या परिसरात चिमण्यांची पोटे तपासत होते. हिवाळ्यात चिमणीचे पोट बियांनी आणि दाण्यांनी भरलेले असे. विणीच्या हंगामात मात्र ती पिलांना प्रामुख्याने किडे भरवी. चिमणीचा उपद्रव आणि उपयोग दोन्ही खरे आहेत, आणि हंगाम व ठिकाण पाहूनच तिच्याविषयी काही ठरवता येईल, असा या कामाचा अर्थ होता. ऑक्टोबर १९५६ मध्ये छिंगदाव येथे भरलेल्या प्राणिशास्त्र परिषदेच्या अधिवेशनात या प्रश्नावर चर्चा झाली, आणि जीवशास्त्रज्ञ झू शी यांनी तेथे निर्मूलनाविरुद्ध स्पष्ट मत दिले. या मतभेदाचा काही परिणामही झाला. १९५७ च्या सुधारित आराखड्यात शहरांतील आणि वनक्षेत्रांतील चिमण्या मारल्या नाहीत तरी चालेल, अशी सवलत घालण्यात आली.

ती सवलत कागदावरच राहिली. १२ फेब्रुवारी १९५८ रोजी पक्षाच्या मध्यवर्ती समितीने आणि शासनाने संयुक्त आदेश काढून मोहिमेला जोर दिला. त्याच वर्षी ‘महाउडी’चे पर्व सुरू होत होते आणि प्रत्येक गोष्टीत लक्ष्य गाठण्याची, ते ओलांडण्याची चढाओढ लागली होती. १९ ते २१ एप्रिल १९५८ या तीन दिवसांत खुद्द पेकिंग शहर चिमण्यांच्या मागे लागले. लोक गच्च्यांवर, झाडांवर, रस्त्यांत उभे राहिले. थाळ्या, ढोल, घंटा वाजवत राहिले. चिमणीला कोठेही बसू द्यायचे नाही, एवढाच डाव होता. उडून उडून थकलेले पक्षी खाली पडत. चार लाखांवर चिमण्या मेल्याचे तेव्हा जाहीर करण्यात आले. शाळकरी मुलांपासून वृद्धांपर्यंत सगळे त्यात होते, आणि तो एक उत्सव होता हेही नोंदवले पाहिजे. सामुदायिक हिंसा अनेकदा उत्सवाचेच रूप घेऊन येते.

नोव्हेंबर १९५९ मध्ये विज्ञान अकादमीने देशी-परदेशी शास्त्रज्ञांची मते एकत्र करून वरिष्ठांना सादर केली. मार्च १९६० मध्ये माओ त्से-तुंग यांनी चिमण्या मारणे थांबवावे असे लिहिले आणि यादीत चिमणीच्या जागी ढेकूण आला. यादी चौघांचीच राहिली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. चिमणीची सुटका झाली. यादी करण्याच्या रीतीविषयी कोणी प्रश्न विचारला नाही. पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या काळात चिमणीची बाजू घेतल्याचा ठपका झेंग झुओशिन यांच्यावर ठेवण्यात आला. त्यांचे म्हणणे खरे ठरून तेव्हा काही वर्षे उलटली होती.

२

आता ही गोष्ट जशी सांगितली जाते तिच्याकडे पाहू. तिचे प्रचलित रूप असे आहे: माओने चिमण्या मारल्या, चिमण्या गेल्या म्हणून टोळ आणि अळ्या माजल्या, त्यांनी पिके फस्त केली, आणि कोट्यवधी माणसे भुकेने मेली. चार वाक्यांत गुन्हा, परिणाम आणि शिक्षा. पंचतंत्र-हितोपदेशाच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला हा घाट ओळखीचा वाटतो, आणि म्हणूनच तो मनात घर करतो.

इतिहास असा नेटका नसतो. १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात मेलेल्यांच्या संख्येचे अंदाज सुमारे दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. त्या मृत्यूंची मुख्य कारणे माणसांच्या व्यवहारात आहेत. उत्पन्नाचे फुगवलेले आकडे, त्या आकड्यांच्या आधारे खेड्यांतून उचललेले धान्य, शेतकरी भट्ट्यांवर लोखंड वितळवत असताना शेतात पडून राहिलेले पीक, सामुदायिक भोजनगृहांची सक्ती, आणि खरे बोलणाऱ्यावर येणारे संकट, ही ती कारणे होत. चिमणीचा वाटा यात किती, हा प्रश्न बराच काळ अंदाजावर सोडलेला होता. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने जुन्या उत्पादनाच्या नोंदी आणि चिमणीला मानवणारे प्रदेश यांची सांगड घातली. चिमण्यांची वस्ती जेथे दाट असणे संभवते अशा तालुक्यांत भात आणि गहू अधिक घटले आणि मृत्यूही अधिक झाले, असे त्यात आढळले. चिमण्यांच्या संहारामुळे वाढलेले मृत्यू सुमारे वीस लाख असावेत, असा त्याचा निष्कर्ष आहे. सरकारी धान्यवसुलीने हे नुकसान आणखी तीव्र केले, असेही तो सांगतो.

वीस लाख ही संख्या भयंकर आहे. पण ती संपूर्ण दुष्काळ नव्हे. सगळा दोष चिमणीच्या अभावावर टाकला की वसुली करणारे अधिकारी, खोटे आकडे पाठवणारे पुढारी आणि ते मान्य करणारे नेतृत्व हे सगळे गोष्टीबाहेर राहतात, आणि ‘निसर्गाने सूड घेतला’ या वाक्याखाली माणसांची जबाबदारी पुसली जाते. निसर्ग सूड घेत नाही. शेतात जेवढे किडे खाणारे कमी होतात तेवढे किडे वाढतात, एवढेच होते. त्यातून दुष्काळ करायचा की टंचाईवर निभावून न्यायचे, हे माणसे ठरवतात.

यात आणखी एक मौज आहे. छिंगदावच्या चर्चेत झू शी यांनी जो दाखला दिला तो प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याचा होता. आपली चेरीची फळे चिमण्या खातात म्हणून राजाने चिमण्या मारवल्या, पुढे झाडे अळ्यांनी भरली, आणि राजाला बाहेरून पक्षी आणवावे लागले, अशी ती युरोपात बोधकथेसारखी सांगितली जाणारी गोष्ट. म्हणजे निर्मूलनाला विरोध करणाऱ्या शास्त्रज्ञालाही पोटांच्या तपासणीबरोबर एक कथा हाताशी घ्यावी लागली. कथेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा दोन्ही येथे दिसतात. ती ऐकणाऱ्याला सावध करते. पण चिमणी दाणेही खाते, हिवाळ्यात तर तेच खाते, आणि तिला सहन करण्यात शेतकऱ्याचे खरोखरीच नुकसान आहे, ही अवघड गोष्ट ती सांगत नाही. बोधकथेतला उपद्रवी जीव शेवटी उपकारकच निघतो. प्रत्यक्षात तो बहुधा दोन्ही असतो.

३

जावा बेटाचा इतिहास या अवघड बाजूपासून सुरू होतो. १९६० मध्ये फिलिपिन्समधील लॉस बान्योस येथे आंतरराष्ट्रीय भातसंशोधन संस्था स्थापन झाली. १९६६ मध्ये तिने ‘आयआर-८’ हे बुटके, भरघोस उत्पन्न देणारे वाण दिले. आशियातील हरितक्रांतीचा भाताचा भाग येथून सुरू होतो. त्या वाणाबरोबर खत आले, पाण्याची हमी आली, वर्षातून दोन-दोन, तीन-तीन पिके आली आणि फवारणीही आली. इंडोनेशियाच्या सरकारने कीटकनाशकांना एवढे अर्थसाहाय्य दिले की किमतीच्या सुमारे ऐंशी टक्के भार सरकारच उचलत होते. शेतकऱ्याला औषध जवळपास फुकट मिळे, आणि ठरावीक दिवसांनी फवारणे हा उत्तम शेतीचा पाठ म्हणून शिकवला जाई.

त्यानंतर तपकिरी तुडतुडे आले. कोकणातल्या आणि पूर्व विदर्भातल्या भातशेतकऱ्याला हा किडा चांगला परिचयाचा आहे. दाण्याएवढा जीव, चुडाच्या बुंध्याशी पाण्यालगत बसतो आणि रस शोषतो. संख्या वाढली की शेतात गोल गोल चट्टे करपल्यासारखे दिसू लागतात आणि पाहता पाहता खाचर जळून गेल्यासारखे होते. इंडोनेशियात त्याला ‘वेरेंग’ म्हणतात. पूर्वी तो क्वचित उपद्रव देणारा किडा होता. १९७० च्या दशकात त्याने जावातील शेतीला असा तडाखा दिला की देशाला जगात सर्वाधिक तांदूळ आयात करण्याची वेळ आली. प्रतिकारक वाणे आली. काही वर्षांत तुडतुड्यांनी तीही पचवली. सरकारचे उत्तर एकच होते, अधिक फवारणी.

याच सुमारास फिलिपिन्समध्ये पीटर केनमोर हा तरुण अमेरिकन संशोधक एका सोप्या प्रश्नामागे लागला होता. फवारलेल्या आणि न फवारलेल्या खाचरांत तुडतुड्यांचे काय होते? त्याला आढळले की उद्रेक फवारलेल्या खाचरांत होतो. न फवारलेल्या खाचरांत तुडतुडे असतात, पण वाढत नाहीत. याचे कारण बुंध्याशीच होते. तुडतुड्याची मादी अंडी घालते ती पानाच्या आवरणाच्या आत. तेथे औषध पोचत नाही. औषधाने मरतात ते उघड्यावर फिरणारे, आणि त्यांत सर्वांत आधी मरतो कोळी. भाताच्या खाचरातला हा कोळी जाळे विणून वाट पाहणारा नव्हे; तो पाण्यावरून धावत जाऊन शिकार पकडणारा लांडगा-कोळी आहे. त्याच्या जोडीला अंडी शोषणारे छोटे ढेकणासारखे कीटक असतात, तेही मरतात. आठवड्याभरात अंडी फुटतात, पिले बाहेर येतात, आणि त्यांना खायला शेतात कोणी उरलेले नसते. फवारणीने तुडतुड्यांना मोकळे रान मिळत होते.

१९८४ मध्ये इंडोनेशियाने तांदळाची स्वयंपूर्णता जाहीर केली. नोव्हेंबर १९८५ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी रोममध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेपुढे त्याबद्दल भाषण केले. पुढच्याच वर्षी मध्य जावात तुडतुड्यांचा नवा उद्रेक झाला. राजकीय प्रतिष्ठाच पणाला लागली, आणि तेव्हा कोठे कोळ्याचे म्हणणे ऐकले गेले. ५ नोव्हेंबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्षांचा त्या वर्षीचा तिसरा आदेश निघाला. भातावर ५७ कीटकनाशके वापरण्यास बंदी झाली. अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्याने कमी होत जानेवारी १९८९ मध्ये पूर्ण थांबले. सरकारचे दरवर्षीचे दहा कोटी डॉलरहून अधिक वाचले. भाताचे उत्पादन घटले नाही. ते वाढत राहिले.

सुहार्तो लोकशाहीवादी नव्हते. त्यांच्या सत्तेच्या पायाशी १९६५-६६ चा नरसंहार आहे, हे विसरून त्यांना निसर्गाचे त्राते ठरवणे हास्यास्पद होईल. पेकिंगचा आदेश वरून आला होता तसाच जाकार्ताचाही वरूनच आला. तेव्हा ‘हुकूमशाही निसर्ग मोडते आणि लोकशाही जपते’ असाही धडा येथे मिळत नाही. दोन घटनांतला खरा फरक आदेशानंतर जे घडले त्यात आहे.

४

१९८९ पासून जावात ‘सकोला लापांगान’ सुरू झाल्या. शब्दशः अर्थ शेतातली शाळा. साधारण पंचवीस शेतकरी, आठवड्यातून एक सकाळ, लावणीपासून कापणीपर्यंत. प्रत्येक सकाळी खाचरात उतरायचे, काही चूड निवडून बुंध्यापर्यंत वाकून पाहायचे, काय काय दिसले ते मोजायचे. मग बांधावर किंवा झाडाखाली बसून मोठ्या कागदावर चित्र काढायचे. मध्ये भाताचे रोप, एका बाजूला कीड, दुसऱ्या बाजूला तिला खाणारे, वर सूर्य किंवा ढग, खाली पाणी. चित्राभोवती चर्चा करायची आणि या आठवड्यात काय करावे, किंवा काहीच करू नये, हे ठरवायचे. औषधांच्या नावांची यादी पाठ करून घेणारा शिक्षक येथे नव्हता.

या शाळांत ‘कीटकांचे प्राणिसंग्रहालय’ नावाचा एक प्रयोग असे. रोप लावलेल्या कुंडीवर जाळीचे कापड बांधायचे, आत मोजून तुडतुडे सोडायचे आणि एक कोळी सोडायचा. दुसऱ्या दिवशी तुडतुडे मोजायचे. ज्या शेतकऱ्याने आयुष्यभर कोळ्याला कीड समजून त्याच्यावर औषध मारले होते, त्याला तुडतुडे कोठे गेले हे कोणी सांगावे लागत नसे. १९९९ पर्यंत अशा शाळांतून दहा लाखांवर शेतकरी गेले. पुढे ही रीत आशिया-आफ्रिकेत पसरली. महाराष्ट्राच्या कृषी विभागाच्या ‘शेतीशाळा’ याच कुळातल्या आहेत.

साहित्याच्या अध्यापकाला या चित्रांत रस वाटावा असे पुष्कळ आहे. पेकिंगच्या मोहिमेतही लोकसहभाग होता, किंबहुना लाखोंचा होता. पण निष्कर्ष आधी ठरलेला होता आणि लोकांच्या हाती फक्त थाळ्या दिल्या होत्या. जावात लोकांच्या हाती खडू दिला गेला. शेत वाचायला शिकवले गेले. मोजलेला आकडा दोन्हीकडे होता. एकीकडे तो मारलेल्यांचा होता, दुसरीकडे जगणाऱ्यांचा.

१९९६ मध्ये जावातल्या खाचरांवरचा एक महत्त्वाचा शोधनिबंध ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि त्याने या चित्रात एक तिसरी बाजू जोडली. लावणीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत शेतात तुडतुडे फारसे नसतात. मग कोळी तेव्हा जगतो कशावर? तो जगतो चिखलात कुजणाऱ्या पालापाचोळ्यावर आणि पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर वाढणाऱ्या चिलटांसारख्या किड्यांवर. हे किडे भात खात नाहीत, तुडतुडेही खात नाहीत. शत्रूच्या यादीत ते नाहीत आणि मित्राच्या यादीतही नाहीत. तरी त्यांच्यावरच कोळ्यांची सेना आधीपासून पोसली जाते, आणि तुडतुडे येतात तेव्हा ती तयार असते. लावणीनंतर लगेच केलेली फवारणी या बिननावाच्या किड्यांना मारते, आणि पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

या निबंधाचे म्हणणे आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. कोळ्याला आपण ‘मित्रकीटक’ म्हटले (तो कीटक नाही, त्याला आठ पाय असतात, पण आपल्या कृषिसाहित्यात हा शब्द त्यालाही लागला आहे) की त्याला वाचवण्याची तयारी आपण दाखवतो. परंतु कोळी वाचवायचा तर तो जे खातो ते वाचले पाहिजे. म्हणजे ज्याचा आपल्याला काही उपयोग दिसत नाही त्यालाही राहू दिले पाहिजे, आणि जो उघड नुकसान करतो त्यालाही थोडा राहू दिला पाहिजे. ज्या खाचरात एकही तुडतुडा नाही त्यात त्याला खाणाराही टिकत नाही. सहन करणे याचा अर्थ येथे दया असा नाही आणि दुर्लक्ष असाही नाही. आपल्या कृषिखात्याच्या पत्रकांत ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ असा एक शब्दप्रयोग असतो. दर चुडामागे पाच-दहा तुडतुडे दिसेपर्यंत औषधाचा विचार करू नये, असे तो सांगतो. इतक्या रुक्ष शब्दांत एवढा मोठा विचार आमच्या वाचनात क्वचितच आला असेल. शत्रूला शेतात किती जागा द्यायची, हे येथे आकड्यात मांडले आहे, आणि तो आकडा शून्य नाही.

५

जावातल्या कथेचा शेवट गोड झाला असे लिहिता आले असते तर ती कदाचित अधिक प्रसिद्ध झाली असती. तसे झाले नाही. १९९८ मध्ये सुहार्तो गेले, आर्थिक संकट आले, आणि शाळांचा राष्ट्रीय कार्यक्रम दशकाअखेर संपला. कीटकनाशकांचा बाजार पुन्हा वाढला. २०१० आणि २०११ मध्ये जावातील खाचरे पुन्हा तुडतुड्यांनी करपली. ५७ औषधांवर बंदी घातल्याने समतोल कायमचा मिळाला नव्हता. समतोल ही एकदा कमावून ठेवण्याची वस्तू नाही. दर हंगामात वाकून बुंधा पाहावा लागतो, आणि पाहणाऱ्यांची नवी पिढी घडवावी लागते.

आपल्याकडचे या विषयाशी नाते केवळ शेतीशाळा या शब्दापुरते नाही. महाराष्ट्रात २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ या नावाने किडींच्या निरीक्षणाचा आणि सल्ल्याचा प्रकल्प चालू झाला. तरीही २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. गुलाबी बोंडअळीचे ते वर्ष होते. त्या माणसांना समतोलाचा उपदेश करणे हा क्रूरपणा ठरेल. कर्ज डोक्यावर असलेल्या शेतकऱ्याला बोंडात अळी दिसत असताना ‘थोडी राहू द्या’ असे सांगणे सोपे नाही, आणि अळी राहू दिल्याने होणारे नुकसान सोसण्याची जबाबदारी एकट्या त्याच्यावर टाकणे न्याय्यही नाही. इंडोनेशियाने फवारणीवर खर्च होणारा पैसा थांबवला आणि त्याचबरोबर शेतकऱ्याच्या हाती ज्ञान दिले, म्हणून तेथे काही काळ ते जमले. सहनशीलतेची किंमत असते, आणि ती कोणी द्यायची हा राजकीय प्रश्न आहे. चिमणीच्या बोधकथेत हा प्रश्न येतच नाही.

भाषेचाही यात भाग आहे. मुंडकोपनिषदात सृष्टीच्या उत्पत्तीला कोळ्याचा दृष्टान्त आहे. तो आपल्यातूनच तंतू काढतो आणि आत घेतो. आधुनिक मराठीने मात्र कोळ्यापेक्षा त्याने मागे टाकलेल्या घराकडे अधिक लक्ष दिले. ‘विचारांवरची जळमटे’ झाडणे हा आपल्या प्रबोधनाच्या लेखनातला रुळलेला वाक्प्रचार आहे, आणि तो आम्हीही वर्गात वापरतो. समाजाला ‘लागलेली कीड’, तिचे ‘समूळ उच्चाटन’, अमक्या गोष्टीचे ‘निर्मूलन’ ही सगळी शब्दसंपत्ती शेतातून आणि घरातून उचललेली आहे, आणि ती आता माणसांनाही लावली जाते. ज्या भाषेत शत्रू समूळ नाहीसा होणे हाच एकमेव चांगला शेवट असतो, त्या भाषेत ‘दर चुडामागे पाच’ हे वाक्य काव्यहीन वाटणारच.

चीनची गोष्ट लक्षात राहते, कारण तिच्यात थाळ्यांचा गजर आहे, पडणारे पक्षी आहेत, खलनायक आहे आणि शेवटी भोगावी लागणारी शिक्षा आहे. जावाच्या गोष्टीत पंचवीस माणसे आठवड्यातून एकदा चिखलात वाकून काहीतरी मोजतात आणि पुष्कळदा असे ठरवतात की या आठवड्यात काही करायला नको. न घडलेल्या उद्रेकाची तारीख नसते, वाचलेल्या पिकाची बातमी नसते. अशा न घडलेल्या गोष्टींचा इतिहास लिहिण्याची रीत आपल्याकडे अजून रुळलेली नाही. ती रुळली, तर वर्गात चिमणीबरोबर कोळ्याचीही गोष्ट सांगता येईल, आणि तिच्यासोबत त्या चिलटांचीही, ज्यांना अद्याप कोणत्याच यादीत जागा मिळालेली नाही.